परत पाठवलेला जिताडा

दादा, तुझ्या माळ्यावर मला काय सापडलं ते आधी सांगते, रडायचं ते नंतर रडेन.

तेराव्याच्या जेवणासाठी मोठं पातेलं हवं होतं. वैनीचे गुडघे दुखतात, म्हणून शिडीवर मी चढले. पातेल्याच्या मागे तुझा जुना पाग गुंडाळून ठेवलेला, आणि त्या जाळ्याखाली जाड प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. धुतलेल्या, सुकवलेल्या, घडी घालून रबराने बांधलेल्या. तू फाटकं बनियनसुद्धा टाकत नव्हतास, तेव्हा पिशव्या जपल्यास याचं नवल वाटलं नाही. पण प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी होती. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन मी ती वाचली. 'जिताडा, मत्स्यबीज.' माशांची पिल्लं विकत आणतात त्या पिशव्या. आत थोडं पाणी, वर प्राणवायू, आणि बोटाच्या पेराएवढी पिल्लं.

"गावलं काय गो पातेलं?" खालून वैनी.

"गावलं," म्हटलं. "आणखी पण काय काय गावलंय."

पडवीत तुझा फोटो, हार घातलेला. बारा दिवस त्याच्यासमोर बसून मी डोळे सुजवून घेतले होते. आणि त्या घडीला, खरं सांगते, तुझा असा राग आला की खाली उतरून त्या फोटोलाच विचारावं, हे काय रे? कोणाला फसवत होतास?

माझा स्वभाव तुला माहीत आहे. तूच गावभर सांगायचास, "आमच्या शालूला देव भेटला ना, तर ती त्येचं पन आधार कार्ड मागंल." दुधात बोट बुडवून बघणारी मी. भाजीवाल्याचा काटा आधी रिकामा बघणारी. पेणच्या शाळेत विज्ञान शिकवताना कोणतं पोर कॉपी करणार हे पेपर वाटायच्या आधी मला कळायचं. आणि माझा सख्खा भाऊ वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होता, ते मात्र मला कळलं नाही. संशय घेतला, पण भलताच घेतला.

तुला आठवतं, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा तू मला बांधावर न्यायचास? रोह्याच्या खालच्या अंगाला आपलं गाव, एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला खारातली भातशेती, मधे बांध आणि बांधात लाकडी दाराची उघाडी. दार कधी वर करायचं हे ठरवणं बाबांनंतर तुझ्याकडे आलं. खारं पाणी आत शिरलं तर भात गेला. म्हणून तू ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावायचास, डोळे मिटायचास, आणि थुंकून सांगायचास. "खारं हाय अजून." दोन दिवसांनी परत. "खारंच." आणि मग ज्येष्ठाच्या पुनवेला, डोंगरातून पाणी उतरून खाडी निवळ झाली की, "गोड हाय गो शालू. आता बघ."

दार हातभर उचललं जायचं आणि दुपारच्या भरतीबरोबर ती पिल्लं आत यायची. जिताड्याची मादी खाडीच्या तोंडाशी खाऱ्यात अंडी घालते आणि पोरं गोड्या पाण्याचा माग काढत वर चढतात, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तू फडक्यात चार-सहा पिल्लं धरून दाखवायचास आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी रेघ असायची, गंध लावल्यासारखी. "भटजी आले," म्हणायचास. ती पाटाने आपल्या घरापुढच्या तळ्यात यायची, तिथेच दोन-तीन वर्षांत हातभर लांब व्हायची. शिमग्याला तळ्यात पाग पडायचा आणि पहिला जिताडा सासरी गेलेल्या बहिणीकडे जायचा. गावात ज्याच्या ज्याच्या दारात तळं आहे, त्याची ही रीत. साडी चुकली तर चालेल, मासा चुकायचा नाही.

माझ्या लग्नानंतर एकही शिमगा तू चुकवला नाहीस. केळीच्या पानात गुंडाळलेला, वर ओलं गोणपाट, रोह्याहून गाडीने पेणला. गाडीत लोक नाक मुरडायचे आणि तू मुद्दाम पिशवी मांडीवर घ्यायचास. दारातून हाक यायची, "शालू, विळी काढ!" चहा घ्यायला थांबायचा नाहीस. हे मागून ओरडायचे, "अहो, निदान बसा तरी." तू पायरीवरूनच, "बसायला नाय आलो भावजी, पोचवायला आलो."

मग नदी बिघडली. कधी, ते मला तारीख-वार सांगता येणार नाही. वर कंपन्या आहेत, सगळ्या एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि कोणी काय केलं हे मला सिद्ध करता आलेलं नाही, म्हणून नाव मी घेत नाही. पण माहेरी आले की बांधावर उभं राहून मी वास घ्यायचे. कधी रॉकेलसारखा, कधी दवाखान्यासारखा. पाऊस जोराचा झाला की उघाडीच्या दाराशी पिवळट फेस. मी म्हणायचे, बघ, पुराचा फायदा घेऊन सोडतायत. तू म्हणायचास, "फेस पुराला येतोच गो." तुझी आणि माझी पहिली जुंपली ती त्या फेसावरून.

मी तुला शाळेतल्यासारखं समजवायला गेले होते. ही पिल्लं नाकाने वाट शोधतात रे. पाण्यात नको ते मिसळलं आणि नाक बधिर झालं, तर पिल्लू लगेच मरत नाही. नुसतं गोल गोल फिरत राहतं. वर चढायचं विसरतं. मग दुसरा कोणी त्याला गिळतो. मेलेला मासा काठाला लागतो, लोक बघतात, पेपरात येतो. न आलेला मासा कोणाला दिसणार?

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजे सर्दी झालीय म्हन त्येन्ला. वाफ द्यायला पायजे."

वैनी हसून हसून पडवीत बसली. मी चिडले. तू ओंजळभर पाणी जिभेला लावून दाखवलंस. "गोड हाय. मी सांगतो ना." अरे, तुझ्या जिभेला मीठ कळायचं! सात पिढ्यांनी तिला तेवढंच शिकवलं होतं, खारं की गोड. तिसरं काही पाण्यात असू शकतं हे त्या जिभेच्या गावीही नव्हतं. आपल्या सगळ्या गावाची हीच चूक झाली. पाणी जिभेवर गोड लागलं, की सगळं ठीक.

आणि तू ते पाणी किती वर्षं जिभेला लावत होतास, हा विचार आता मला दुपारी झोपू देत नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. मी त्यांचा कागद दोनदा वाचला, उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. हृदयच लिहिलंय. असेलही.

मग मी प्रदूषण बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला तक्रार लिहिली. खाडीत पिल्लं चढेनाशी झाली आहेत, पाणी तपासा. गावातल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्या. तुझीही घेतली. पेन हातात धरून तू कितीतरी वेळ बसला होतास. मला तेव्हाच खटकलं. तुझा दिनेश त्याच वर्षी कंपनीत लागला होता, कंत्राटदाराकडून, तीन शिफ्टचं काम. मला वाटलं, पोराच्या नोकरीला घाबरतोय. तू सही केलीस, पण अक्षर तुझं नव्हतं, कापरं होतं.

दिवाळीनंतर साहेब आले. आले ते भर दुपारी, पुऱ्या भरतीला! समुद्राचं पाणी काठोकाठ आत शिरलेलं असताना बाटल्या भरल्या. मी म्हटलं, साहेब, ओहोटीला घ्या, नदीचं पाणी ओहोटीला कळतं. तर म्हणाले, मॅडम, आम्हाला आणखी तीन गावं करायची आहेत. कोणी सांगितलं त्यांना या वेळेला यायला? मी अजून त्या प्रश्नावर आहे. मग ते तळी बघत निघाले. बाकीच्या तळ्यांत शेवाळ आणि बेडूक. आपल्या तळ्यात मात्र जिताड्याने शेपटी मारली, चांगला आवाज झाला; मी ते जुने उरलेले मासे समजत होते.

"मासे आहेत की," साहेब म्हणाले. "कुठून आले?"

तू आधी माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्या शेजारीच उभी होते, पदर खोचून, तक्रारीची प्रत हातात घेऊन. मग तू साहेबांकडे बघितलंस आणि म्हणालास, "खाडीतून येतात, साहेब. उघाडीतून."

"म्हणजे पिल्लं चढतात?"

"चढतात."

संपलं. त्यांनी लिहून घेतलं. महिन्याभराने कागद आला, गावातील तळ्यात खाडीतील मत्स्यपिल्ले नैसर्गिकरीत्या येत असल्याचे स्थानिक शेतकऱ्याने सांगितले, सबब तक्रारीत तथ्य आढळत नाही. स्थानिक शेतकरी म्हणजे तू. माझा भाऊ.

मी फोनवर तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल. "कितीला विकलास रे दादा आम्हाला?" एवढं मात्र म्हटलं होतं. तुझा तो गप्पपणा मी कबुली समजले.

आणि तरी शिमग्याला मासा आला. या खेपेला तू नाही आलास, दिनेशला पाठवलंस. तो दारात उभा, हातात गोणपाटात गुंडाळलेला हातभर जिताडा. मी दार पूर्ण उघडलंसुद्धा नाही. म्हटलं, "घेऊन जा. बापाला सांग, कंपनीचा मासा मी खात नाही."

हे आतून म्हणाले, "अगं, माहेरचा मासा परत नाही पाठवत कोणी." मी म्हटलं, तुम्ही मधे पडू नका.

दिनेश पायरीवर थोडा वेळ उभा राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. माझ्या मनात आलं, कंपनीच्या साहेबाने पढवून पाठवलंय याला. मी दार लावलं.

बाईने माहेरचा मासा परत पाठवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी तो मासा तू कापू दिला नाहीस म्हणे. वैनीने सांगितलं. बांधावर नेऊन खाडीत सोडून आलास. मेलेला मासा, खाडीत.

त्यानंतर एकच फोन. वटपौर्णिमेला. मी वडाला सूत गुंडाळत होते, हातात फुलं, तोंडात मंत्र नाहीच, कारण पुढच्या बाईच्या फेऱ्या सात झाल्या की सहा हे मी मोजत होते. फोन वाजला. तुझं नाव. घेतला.

"शालू, उधाण हाय आज. येतेस काय?"

बस. एवढंच बोललास. मला वाटलं, गोडीगुलाबीने बोलावतोय, पुन्हा तक्रार करू नको म्हणेल. मी म्हटलं, "मी पूजेत आहे." आणि फोन ठेवला. पुन्हा केला नाहीस. मीही केला नाही. अठराव्या दिवशी दिनेशचा फोन आला.

आता माळ्यावरून उतरल्यावर काय झालं ते ऐक. मी तो गठ्ठा वैनीच्या पुढ्यात टाकला. "हे काय आहे?"

ती तांदूळ निवडत होती. तिने बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. "शेवटी तुलाच गावायचं होतं ते," म्हणाली.

"वैनी, खरं सांग. कंपनीने दिली होती का पिल्लं? तक्रार बुडवायला?"

तेव्हा वैनी माझ्यावर ओरडली, दादा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "कंपनी, कंपनी! तुला दुसरं काय सुचतं काय गो? तुज्यासाठी केलं त्येंनी. तुज्यासाठी!"

मग तिने सांगितलं. सांगताना तांदळाचा एकेक खडा उचलून बाहेर फेकत होती.

तुझं तळं काही वर्षांपूर्वीच रिकामं झालं होतं. पुनवेला उघाडी उघडलीस, अमावस्येला उघडलीस, पाणी आलं, भटजी कोणी आले नाहीत. पुढच्या वर्षी तेच. जुने दोन-चार मासे होते तोवर शिमगा निभावला. मग एका शिमग्याला तळ्यात काहीच नव्हतं. तू सकाळी उठून रोह्याच्या बाजारात गेलास, एक जिताडा विकत घेतलास, केळीच्या पानात गुंडाळलास आणि नेहमीसारखा माझ्या दारात आलास. "विळी काढ!"

आणि मी काय केलं? मला आठवलं, दादा. वैनीने सांगायच्या आधीच आठवलं. संध्याकाळी मी तुला फोन केला होता आणि हसत म्हटलं होतं, "काय रे दादा, बर्फाचा वास येतोय तुझ्या माशाला. बाजारातून उचललास की काय?"

मी थट्टा केली होती. म्हणजे, अर्धी थट्टा. माझी थट्टाही तपासणीच असते, हे तूच म्हणायचास.

"फोन ठेवला नि हे कोपऱ्यात जाऊन बसले," वैनी म्हणाली. "म्हनले, हिला कलतं. हिला फसवता येनार नाय. पुढच्या पावसात दिनेशला घेऊन गेले नि ती पिल्लं आनली. म्हनले, तल्यात तर वाढतील, बर्फाचा वास तर येनार नाय." दर पावसाळ्यात मग पिशव्या येऊ लागल्या. मधले एक-दोन शिमगे मासा वीतभरच का आला होता, तेही मला आता कळलं. बाकी कोणाला नाही सांगितलंत. गावाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या हाताला गुण आहे, याच्याच उघाडीतून पिल्लं येतात.

मग साहेबांसमोर तू माझ्याकडे का बघितलंस, ते मला त्या सुपापुढे बसल्यावर कळलं. मी शेजारी नसते तर बोलला असतास कदाचित, विकतची हायत साहेब. पण बहिणीच्या तोंडावर कसं सांगणार, की जो मासा तू माहेरचा म्हणून मिटक्या मारत खात होतीस तो पिशवीतून आलाय? लाजेपोटी खोटं बोललास आणि त्या खोट्यावर नदीचा कागद निघाला. तुझ्या मायेने कंपन्यांना सुटका मिळाली. यावर तुला मिठी मारू की बदडून काढू, मला ठरवता येत नाही.

आणि माझा स्वभाव बघ. एवढं कळल्यावरही आत कोणीतरी विचारतंच आहे, दिनेशची नोकरी तेव्हा मनात नव्हतीच का रे? अजिबात नाही? थोडीशी? असेल तर असू दे. बाप आहेस. पण मला हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी वैनीला विचारलं, यंदाची पिशवी कुठली? गठ्ठ्यात पाचच आहेत, यंदाची धरून सहा व्हायला हव्यात.

"यंदा आनलीच नाय," ती म्हणाली. "मासा परत आला ना, तवाच म्हनले, आता नाय. वटपुनवेला उघाडीच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधलं नि बसले. तीन दिस. आदला, पुनवेचा नि दुसरा. भर दुपारी, डोक्यावर इरलं घेऊन. एक पन नाय आलं. पुनवेच्या दिशीच म्हनले, शालूला बोलवतो. तिच्या डोल्यान्नी बघू दे, नि मंग मीच साहेबाकडं जाऊन सांगतो."

उधाण हाय आज. येतेस काय?

मी पूजेत आहे.

दादा, मी खरंच पूजेत नव्हते रे. फेऱ्या मोजत होते.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुनव होती. मी पेणला परत गेले नाही. तुझं ते धोतराचं फडकं वैनीने दोरीवरून काढून दिलं. दिनेशने सुट्टी घेतली. आम्ही दोघं बांधावर गेलो. मी ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं, तुझ्यासारखे डोळे मिटले. गोड होतं. एकदम गोड, आणि मागाहून जिभेच्या कडेला किंचित कडसर काहीतरी. की मला तसं वाटलं? थुंकले. खळखळून चूळ भरली, घरच्या पाण्याने.

दार उचललं. पाणी फडक्यात शिरलं. पाला आला, फेस आला, दोन प्लास्टिकचे चमचे आले, एक खेकडा आला आणि तिरका होऊन निघून गेला. आम्ही दोन तास बसलो. दिनेश म्हणाला, "आत्या, शिमग्याला मी तुला हेच सांगनार होतो. तू दार लावलंस."

"तू कंपनीच्या साहेबाचा माणूस वाटलास मला."

"मी पप्पांचा मानूस होतो," तो म्हणाला. रागावला नव्हता. फडकं पिळत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. भटजी आले नाहीत. एकही नाही.

काल ओसरीवर बसून मी त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. पिशव्यांचे फोटो सोबत. लिहायच्या आधी वैनीला विचारलं. गावात लोक म्हणतील, मेलेल्या माणसाला बहिणीने खोटारडा ठरवलं. दिनेशचं काम जाऊ शकतं. ते लोक म्हणतील, आधी एक सांगता, नंतर दुसरं सांगता, तुमच्यावर भरवसा कसा ठेवायचा. मी त्यांच्या जागी असते तर मीच हे पहिलं म्हटलं असतं.

वैनीने आधी तळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लिव. पन त्येंनी का केलं ते पन लिव. नुसतं खोटं बोलले असं नको ठेवूस."

दिनेश चपला घालत होता, शिफ्टला निघालेला. जाता जाता म्हणाला, "माझी सही पन घे." आणि खाली वाकून केली. त्याचं अक्षर कापरं नव्हतं.

तर असं लिहिलंय बघ, चूक असेल तर स्वप्नात येऊन सांग, पण खूण पटवून. 'माझ्या दिवंगत भावाने तळ्यातील मासे खाडीतून येतात असे आपणास सांगितले. ते खरे नव्हते. पिल्ले विकत आणलेली होती. बहिणीला दर शिमग्याला माहेरचा मासा पोचावा, एवढ्यासाठी तो ती आणत असे. खाडीतून पिल्ले येत नाहीत हे त्याने यंदा तीन दिवस बसून स्वतः पाहिले आणि मला दाखवण्यासाठी बोलावले. मी गेले नाही.' शासकीय पत्रात शेवटचं वाक्य कोणी लिहीत नाही. साहेब हसतील. मी खोडायला पेन टेकवलं होतं, आणि तसंच राहू दिलं.

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. पोचपावती जपून ठेवणार आहे. आणि या वेळी ते आले, तर ओहोटीला येतात की भरतीला, ते मी बांधावर उभी राहून बघणार आहे.

आज सकाळी दिनेशने तळ्यात पाग टाकला. सुतक फिटलं की घरात पुन्हा मासळी शिजते, तसं. भरल्या पावसाळी तळ्यात मासा हाताला लागत नाही, तिसऱ्या खेपेला एक आला. आता तळ्यात दोन-तीनच उरलेत म्हणाला, आणि आता नवीन येणार नाहीत. वैनीने तो कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः कापला, वाटण वाटलं, आणि हे लिहीत बसले आहे तोवर ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. डोक्याकडचा तुकडा, तू मला द्यायचास तो.

वास घेतला. सवय आहे, जात नाही. बर्फाचा नाही. खाडीचाही नाही. तळ्याच्या चिखलाचा आहे थोडा.

वैनी समोर बसली आहे, मी काय करते ते बघत. मी कागद बाजूला सारतेय, ताट जवळ ओढतेय. या खेपेला परत पाठवत नाही, दादा.